मिसरीची डबी आणि मायचा मेंदू

कंधार, मुखेड, लोहा, अहमदपूर, जळकोट. बालाघाटाच्या अंगाखांद्यावरचे हे तालुके. दसरा-दिवाळी झाली की इथली कितीतरी गावं निम्मी रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन उसाच्या फडाकडे निघतात. फडावरची बाई पहाटे तीन-चारला उठते. चूल पेटवायची, भाकरी थापायच्या, लेकरू सोबत न्यायचं की कोपीत थोरलीपाशी ठेवायचं ते ठरवायचं आणि उजाडायच्या आत उसात शिरायचं. एवढ्या धांदलीतही ती एक गोष्ट सोडत नाही. कोपीच्या तोंडाशी उकिडवी बसते, कमरेची डबी काढते, काळी पूड तर्जनीवर घेते आणि हिरड्यांवर घासत राहते. लेकरू रडलं तरी हातानेच ‘थांब’ म्हणते, कारण तोंड भरलेलं असतं. मग लांब थुंकते, चूळ भरते आणि माणसात येते.

तिला विचारा, कशाला लावता मिसरी? उत्तरं ठरलेली असतात. दाढ दुखायची म्हणून लावायला लागले. लावल्याबिगर परसाकडं साफ होत नाही. भूक मरते. नाही लावली तर डोकं जागेवर राहत नाही. शिकलेली माणसं ही उत्तरं ऐकून हसतात, सबबी आहेत म्हणतात. पण शरीरात काय चाललंय ते पाहायला गेलं, तर यातलं एकही उत्तर खोटं निघत नाही! आणि ते पाहता पाहता आपण अशा ठिकाणी पोचतो, जिथे मायेची आणि नशेची वाट मेंदूत एकच असल्याचं दिसतं.

नशा म्हटलं की आपल्याला दारू, गांजा, गर्द आठवतात. नशेच्या आहारी गेलेली आई म्हटलं की सिनेमातली कोणी तरी. प्रत्यक्षात आपल्याकडच्या आईची नशा स्वयंपाकघरातल्या तव्यावर भाजली जाते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या साधारण सहापैकी एक प्रौढ बाई धूर न काढता तंबाखू घेत होती. मिसरी, मशेरी, तपकीर किंवा चुना लावून मळलेली तंबाखू, असं काहीही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या बायका मात्र शंभरात जेमतेम एक-दोन. धूर दिसतो, वास येतो, लोक बोलतात. मिसरी म्हणजे काय, तर दात घासणं! त्यात कोण काय म्हणणार?

मिसरी करायची रीत तुम्ही पाहिली असेल. लोखंडी तव्यावर तंबाखूची पानं घालायची आणि काळी होईपर्यंत भाजायची. घरभर असा ठसका उठतो की लेकरं खोकत अंगणात पळतात. मग पानं चुरायची, वस्त्रगाळ करायची, डबीत भरायची. टूथपेस्टमध्ये आणि दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे. पण ती बंदी कारखान्याला. तव्याला कोण बंदी घालणार?

हे पान इथलं नव्हेच. ते दक्षिण अमेरिकेतलं, पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरलं. आणि एक मजा पाहा. दिल्लीकडची दरबारी व्यसनं दख्खनेत आली असं आपण गृहीत धरतो. तंबाखूची वाट उलटी आहे. अकबराचा वकील असद बेग विजापुरास आला होता. इथे त्याने तंबाखू पाहिली आणि १६०५ च्या सुमारास ती चिलमीसकट बादशहापुढे नेऊन ठेवली. म्हणजे मोगल दरबाराला तंबाखू दख्खनने शिकवली! पुढे १६१७ मध्ये जहांगिराने तिच्यावर बंदी घातली. त्या बंदीचं काय झालं, ते कोणत्याही पानटपरीवर दिसतं.

आता पानाच्या आत डोकावू. तंबाखूचं झाड निकोटीन मुळांत तयार करतं आणि वर पानांकडे पाठवतं. कशासाठी? अळ्यांसाठी. पान कुरतडलं गेलं की झाड जास्त निकोटीन बनवतं, ते अळीच्या नसांवर चढतं आणि अळी गारद होते. थोडक्यात, ते झाडाचं घरचं कीटकनाशक आहे. मग किड्यावरचं विष माणसाला का लागू पडावं? कारण किड्याच्या आणि आपल्या नसा निरोप पोचवायला एकच रसायन वापरतात, त्याचं नाव ॲसिटिलकोलीन. उत्क्रांतीने कोट्यवधी वर्षं ते बदललं नाही. निकोटीनचा रेणू नेमका त्याच्यासारखा वागतो. नसांवर या रसायनाला धरून घेणारे ठराविक बिंदू असतात, त्यांना ग्राही म्हणतात. निकोटीन तिथे जाऊन बसतं आणि नसेला वाटतं, निरोप आला. १९०५ मध्ये केंब्रिजच्या जॉन लँगली यांनी पेशींवर असे बिंदू असले पाहिजेत हे ओळखलं, ते निकोटीन वापरूनच. आज मिळणारी निम्मीशिम्मी औषधं ज्या कल्पनेवर चालतात तिच्या जन्माला तंबाखूचा हात लागलेला आहे! झाडाला मारायची होती अळी, आणि हाती लागली कंधारची बाई.

पण ही बाई पूड गिळत का नाही, घासते का? इथे कोणीही न शिकवता सापडलेली एक युक्ती आहे. गिळलेलं निकोटीन आतड्यातून आधी यकृतात जातं, आणि यकृत त्यातलं बरंचसं तिथल्या तिथे मोडून टाकतं. हिरडीतून रक्तात उतरलेलं निकोटीन यकृताला वळसा घालून हृदयाकडे आणि तिथून मेंदूकडे जातं. बांधावर बसलेला तिचा नवरा तंबाखूला चुना लावून मळतो, त्यातही असंच शास्त्र आहे. चुन्याने तोंडातली क्षारता वाढते आणि अशा अवस्थेत निकोटीन गालाच्या आतल्या पातळ त्वचेतून झरझर पार होतं. रसायनशास्त्राचं एकही पुस्तक न उघडता दोघांनीही शरीराची चोरवाट बरोब्बर हेरलेली आहे.

मेंदूत पोचल्यावर निकोटीन मध्यमेंदूतल्या एका छोट्या गाठीला हलवतं. तिथून डोपामाइन सुटतं. डोपामाइनला लोक सुखाचं रसायन म्हणतात, ते तितकंसं खरं नाही. त्याचं काम मेंदूला सांगणं, की हे महत्त्वाचं आहे, ध्यानात ठेव, पुन्हा कर. अन्न मिळालं, पाणी मिळालं, आपलं माणूस भेटलं की ही यंत्रणा जागी होते. ती नसती तर आपण जेवायचं विसरलो असतो.

रोजच्या रोज निकोटीन येत राहिलं की मेंदू काय करतो? रोज पन्नास पाहुणे दारात उभे राहायला लागले तर घरची बाई जे करेल तेच. ती पाट वाढवते. निकोटीनच्या सततच्या माऱ्याने ग्राही बधिर होतात, म्हणून मेंदू त्यांची संख्याच वाढवतो. तंबाखू ओढणाऱ्यांच्या मेंदूत, मरणोत्तर तपासणीतही, ते जास्त आढळले आहेत. आता निकोटीनचा हिशेब पाहा. दर दोन तासांनी रक्तातलं निकोटीन निम्मं होतं. रात्री नऊला शेवटची मिसरी लावली तर पहाटे तीनपर्यंत जवळपास सगळं धुऊन निघतं. बधिर झालेले ग्राही जागे होतात, वाढवलेले सगळे पाट मांडलेले आणि पंगतीला एकही पाहुणा नाही! डोकं जागेवर नसणं ते हेच. चहाच्या आधी डबी का लागते, याचं उत्तरही हेच.

परसाकडंचं म्हणाल, तर आतड्याच्या भिंतीत नसांचं एक मोठं जाळं असतं आणि त्या जाळ्यातही हेच ग्राही असतात. निकोटीनने आतडं खरोखर हलतं. भुकेचंही तसंच. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये उंदरांत दाखवलं, की निकोटीन मेंदूतल्या ‘पोट भरलं’ असं सांगणाऱ्या पेशींनाच चेतवतं. पोट रिकामं, पण मेंदूला निरोप भरल्याचा! वेदनाही ते थोडा वेळ बोथट करतं, म्हणून दाढ थांबते. पुढे त्याच हिरड्या आणि तेच दात ते खातं, ते वेगळं.

मला इथे एक गोष्ट म्हणायची आहे. भूक न लागणारी, ठणका न जाणवणारी, पहाटे तीनला उठून मोळ्या वाहणारी मजूर कोणाला नको असते? तिच्या व्यसनावर तोंडसुख घेणाऱ्यांनी तिच्या कामाचे तासही मोजावेत. मुंबईच्या गिरण्यांत शंभर वर्षांपूर्वी बायका पाळीवर जाताना तान्ह्याला अफूची गोळी देत, म्हणजे ते दिवसभर झोपून राही. बाळगोळीच म्हणत तिला. १९३१ च्या व्हिटली आयोगाच्या अहवालात तिची नोंद आहे. त्या बायका काही दुष्ट नव्हत्या. पाळणाघर नव्हतं.

आता ही बाई गरोदर राहिली असं समजा. गरोदरपणात आईचं यकृत निकोटीन नेहमीपेक्षा वेगाने मोडतं. म्हणजे जी डबी आधी दोन तास पुरायची ती आता आधीच संपते, तल्लफ लवकर येते. जेव्हा सोडायला हवं, नेमकं तेव्हाच शरीर जास्त मागतं! त्यात मळमळ थांबते म्हणून मिसरी वाढवणाऱ्या बायकाही पुष्कळ. निकोटीन वारेतून सरळ बाळाकडे जातं आणि बाळाच्या बाजूला त्याचं प्रमाण आईच्या रक्तापेक्षाही थोडं जास्तच भरतं.

मुंबईत प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी हजाराहून अधिक गरोदर बायकांचा मागोवा घेतला. त्यातल्या तंबाखू घेणाऱ्या बहुतेक जणी मिसरीवाल्याच होत्या. २००४ मध्ये आलेला निष्कर्ष असा की तंबाखू घेणाऱ्या आईचं बाळ सरासरी १०५ ग्रॅमने हलकं आणि जवळपास सहा दिवस लवकर जन्मतं. १०५ ग्रॅम म्हणजे काय विशेष, असं वाटेल. पण जे मूल आधीच सव्वादोन किलोच्या काठावर आहे, त्याचे १०५ ग्रॅम हा जगण्याचा प्रश्न असतो. दोन वर्षांनी त्याच पाहणीतून दिसलं, की मृत बाळ जन्माला येण्याचा धोका अशा आयांत सुमारे अडीच पट आहे.

बाळ जन्मलं, नाळ कापली. आता तरी सुटलं? जे निकोटीन आईच्या रक्तात दोन तासांत निम्मं होतं, त्याला नवजात बाळाच्या रक्तात निम्मं व्हायला अकरा तास लागतात. यकृत अजून कोवळं असतं, मोडायला शिकलेलं नसतं. आणि दूध? दुधात निकोटीनचं प्रमाण आईच्या रक्ताच्या सुमारे तिप्पट असतं. ज्युली मेनेला यांनी २००७ मध्ये अमेरिकेत सिगारेट ओढणाऱ्या आयांच्या बाळांची झोप मोजली. साडेतीन तासांच्या अवधीत, आईने सिगारेट न ओढल्यावर बाळं सुमारे ८४ मिनिटं झोपली. ओढल्यावर ५३. निकोटीन ते निकोटीनच, हिरडीतून येवो की फुप्फुसातून. आता हे चक्र फिरवून पाहा. आई मिसरी लावते, बाळ कमी झोपतं, किरकिरतं, आईची रात्र मोडते, पहाटे डोकं जड होतं, आणि हात पुन्हा डबीकडे जातो. लेकरू किरकिरं आहे, असं घरचे म्हणतात. कोणाला सुचावं, की लेकराला मायची मिसरी चढलेली आहे?

तरीही इथे एक स्पष्ट सांगितलं पाहिजे. म्हणून दूध तोडायचं नसतं. आईचं दूध निकोटीनसकटही बाळाच्या फायद्याचंच ठरतं, असं डॉक्टर सांगतात. सुटेपर्यंत निदान आधी पाजावं, मग डबी काढावी, म्हणजे पुढच्या पाजण्यापर्यंत बरंच निकोटीन उतरलेलं असतं.

आता मघाशी म्हटलेल्या त्या एकाच वाटेकडे येऊ. २००८ मध्ये लेन स्ट्रॅथर्न यांनी पहिलटकरणींना त्यांच्याच बाळाचे हसरे फोटो दाखवले आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूत काय पेटतं ते यंत्रात पाहिलं. पेटली ती डोपामाइनचीच वाट. जिथे निकोटीन जातं, कोकेन जातं, तिथेच लेकराचं हसू जातं! निसर्गाने आईला रात्र रात्र जागवायला काही नवी यंत्रणा बांधली नाही. होती तीच वापरली. नशेनेही काही नवं बांधलं नाही. तिनेही तीच बळकावली.

मग दोन्ही एकदम समोर आलं तर? न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात जोन मोरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न व्यायलेल्या उंदरिणींनाच विचारला. एका कप्प्याशी पिल्लांची आठवण जोडलेली, दुसऱ्याशी कोकेनची. कुठे जाल? पिल्लं आठ दिवसांची असताना माद्यांनी पिल्लांचा कप्पा निवडला. कोकेनपेक्षा पिल्लं! क्रेग फेरिस यांच्या गटाने पुढे मेंदूची चित्रं काढून २००५ मध्ये हेच पाहिलं. दूध पिणाऱ्या पिल्लांनी आईच्या मेंदूत जो उजेड पडतो, तो कोकेनने पडत नाही. पण मोरेल यांच्या प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग ऐका. पिल्लं दहा दिवसांची झाल्यावर आणि सोळाव्या दिवशीही माद्या कोकेनच्या कप्प्याकडे वळल्या. माया संपली नव्हती. पिल्लं थोडी मोठी झाली होती, त्यांची ओढ थोडी सैल झाली होती, आणि बळकावणारा तिथेच टपून होता.

उंदराचे आठ दिवस म्हणजे माणसाचे किती, असा सरळ हिशेब मांडता येत नाही. पण परदेशातले आकडे याच दिशेने बोट दाखवतात. पोटात मूल आहे म्हणून सिगारेट सोडणाऱ्या बायका खूप असतात, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक बाळंतपणानंतर वर्षभरात पुन्हा ओढू लागतात. म्हणजे एक काळ असा असतो, जेव्हा आईचा मेंदू स्वतःहून सोडायच्या बाजूने झुकलेला असतो. पोटातल्या बाळासाठी आणि तान्ह्यासाठी. आणि आपण त्या काळात काय करतो? सासू म्हणते, एवढंसं लावल्यानं काय होतं, आम्ही सात बाळंतपणं काढली. नवरा स्वतः तंबाखू मळता मळता म्हणतो, आई आहेस, लाज नाही वाटत?

ही लाज काढणं मला सगळ्यात वाया गेलेलं काम वाटतं. आई असून सुटत नाही, हे वाक्य मुळातच उलटं आहे. ती आई आहे म्हणूनच ती वाट तिच्या मेंदूत इतकी रुंद आहे. लाजेने एवढंच होतं, की डबी कमरेवरून उशीखाली जाते आणि दवाखान्यात विचारलं की ‘नाही लावत’ असं उत्तर येतं. पुरुषाची तंबाखू पारावर बसून मळली जाते, बाईची मिसरी पदराआड. नांदेडच्या विष्णुपुरीतल्या आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत. मिसरीसाठीही तिथे जायचं असतं, हे किती जणींना ठाऊक असतं? पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने पुढे खास बायकांसाठी वेगळा विभाग काढला, तो काही हौसेने नव्हे. पुरुषांच्या रांगेत उभं राहून बाई आपलं व्यसन सांगू शकत नाही.

आणि सुटतं का? सुटतं! वाढवलेले ग्राही मेंदू पुन्हा कमी करतो. तंबाखू ओढणं थांबवलेल्यांच्या मेंदूत ते काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत न ओढणाऱ्यांच्या पातळीला आलेले दिसले आहेत. पहिला आठवडा सगळ्यात वाईट, डोकं दुखतं, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. हे आधी सांगून ठेवलं तर बाई घाबरत नाही. नाहीतर तिला वाटतं, मिसरी सोडली म्हणून आजारी पडले. एकदम जमत नसेल तर वेळा कमी करत आणता येतात. डॉ. आशा प्रतिनिधी यांच्या गटाने महाराष्ट्रातल्या मिसरी लावणाऱ्या गरोदर बायकांना समजावून असं करायला लावलं आणि २०१० मध्ये प्रसिद्ध केलं, की ज्यांनी मिसरी सोडली किंवा कमी केली त्यांच्या बाळांचं जास्त बरं झालं.

म्हणून गावातल्या आशाताईंना एक विनंती. तिसऱ्या महिन्यात नोंदणीला आलेल्या बाईला ‘व्यसन आहे का’ असं विचारू नका, ती नाहीच म्हणेल. ‘दात कशाने घासता’ विचारा. आणि घरच्यांना एवढंच, की दुकानातून तंबाखूची पुडी आणायला लेकराला पाठवू नका. अठरा वर्षांखालच्या मुलाला ती विकणं २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी फोन १८००-११-२३५६ हा आहे, त्याला पैसे पडत नाहीत. २०१८ पासून तो तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर छापावा लागतो. घरी भाजलेल्या मिसरीला पाकीटच नसतं, म्हणून तो इथे दिला आहे. उतरवून घ्या.